बोरघाटाचा घाट

कर्जत ते लोणावळा हे अंतर रेल्वेच्या हिशेबानं २८ किलोमीटर आहे. आमच्या घरी ते साडेतीन मीटर आहे, आणि त्यातही मध्ये लोखंडी कपाट येतं.

कपाट हलवायचं नाही, ही मूळ करारातली अट. त्यात बायकोच्या पैठण्या आहेत, दागिन्यांच्या रिकाम्या डब्या आहेत (भरलेल्या बँकेत), आणि चिरंजीवांची बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं आहेत. तो नोकरीला लागून बंगळूरला गेला तरी ती कधी कोणी मागेल या भीतीनं ठेवलेली आहेत. बाकी खोली माझी. दहा बाय बारा. एकेकाळी ती पाहुण्यांची होती. आता तिथे प्लायवूडच्या टेबलावर सह्याद्री आहे, सह्याद्रीच्या पोटात बोगदे आहेत, आणि पाहुणे हॉलमध्ये झोपतात.

मॉडेल रेल्वे म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे चावीची आगगाडी का?" पूर्वी मी समजावून सांगायचो. एचओ म्हणजे एकास सत्याऐंशी हे प्रमाण, दोन रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटर, वीज रुळांतूनच जाते, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि कंट्रोलरवरून त्या क्रमांकाला स्वतंत्र हुकूम सोडता येतो. एवढं सगळं ऐकून समोरचा म्हणायचा, "हां, म्हणजे सेलवरची." हल्ली मी हो म्हणून टाकतो. बायको मात्र चारचौघांत कधी 'खेळणं' म्हणत नाही. घरात "तुमचं ते" म्हणते. बाहेर मात्र "यांनी बोरघाट बांधलाय," असं अशा थाटात सांगते, की जणू इंग्रजांकडून तो राहूनच गेला होता.

तिचं माहेर कर्जत. आमचं लग्न ठरवणाऱ्या काकूंनी सांगितलं होतं, की मुलीचे वडील बँकरवर असतात. आमची आई खूश झाली. पहिल्या बैठकीत तिनं सासऱ्यांना फिक्स्ड डिपॉझिटचे दर विचारले तेव्हा उलगडा झाला, की मुंबईहून येणारी गाडी घाट चढायच्या आधी कर्जतला तिच्या मागे ढकलायला जी इंजिनं लावतात त्यांना बँकर म्हणतात, आणि सासरे त्यांतल्या एकावर ड्रायव्हर होते. आई थोडी गप्प झाली. मी मात्र त्याच क्षणी होकार दिला. मुलगी अजून चहा घेऊन बाहेर आलेली नव्हती.

मी सदाशिव पेठेतला. माझा आणि रेल्वेचा संबंध मे महिन्यात डेक्कन क्वीननं मुंबईला आत्याकडे जाण्यापुरता. त्यामुळे मला रेल्वेचं वेड लागायला भरपूर वाव होता. तिला नव्हता. यार्डाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला आगगाडी म्हणजे मांडणीवरची पातेली हलवणारी गोष्ट. लग्नानंतर मी तिला कोथरूडला भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात नेलं. ते १९९८ मध्ये सुरू झालं, म्हणजे तेव्हा नवंच होतं. जोशींनी आयुष्यभर खपून केलेल्या त्या गावात गाड्या धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात, सर्कससुद्धा आहे. मी काचेला नाक लावून उभा. ती शेवटपर्यंत शांत होती. बाहेर आल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, "त्यांच्या घरी कोण कोण असतं?" या प्रश्नाचा रोख मला बऱ्याच वर्षांनी कळला.

ती शाळेत गणित शिकवते. मी घाट करायचं जाहीर केलं तेव्हा तिनं पेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर न काढता विचारलं, "प्रमाण काय?" मी सांगितलं. तिनं लाल पेनानंच हिशेब मांडला. २८ किलोमीटर भागिले ८७, म्हणजे ३२२ मीटर. "म्हणजे इथून निघून सोसायटीचं गेट, मग वाण्याचं दुकान, मग दत्ताच्या देवळाच्या थोडं अलीकडे लोणावळा." कर्जत आणि लोणावळा यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरहून जास्त फरक. भागिले ८७, सहा मीटरच्या वर. "आणि तेही तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूममध्ये. त्यांना विचारून ठेवा."

मग चढाचा प्रश्न आला. बोरघाटातला कडक चढ एकास सदतीस आहे. सदतीस मीटर पुढे जावं तेव्हा गाडी एक मीटर वर येते. एक रूळ दुसऱ्याच्या डोक्यावरून न्यायचा तर मला दहा सेंटीमीटर उंची हवी, आणि त्यासाठी तीन मीटर सत्तर सेंटीमीटर लांबी. बारा फुटांची खोली चार सेंटीमीटरनं अपुरी पडते. भिंतीत एक छोटं भोक पाडलं तर पलीकडे जागा होती. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. त्यावर ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी टेप गुंडाळून ठेवला.

तोडगाही तिनंच काढला. "रिव्हर्सिंग करा ना. खंडाळ्याजवळ पूर्वी होतंच की. बाबा दाखवायचे ती जागा." खरंच होतं. सुरुवातीच्या घाटात वळण घ्यायला डोंगरानं जागाच ठेवली नव्हती, तेव्हा गाडी एका टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं, आणि गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. माझ्याकडे घाटावरची पुस्तकं आहेत, नकाशे आहेत, रात्री जागून वाचलेल्या कितीतरी टिपा आहेत. यातलं काहीही मला ऐन वेळी सुचलं नाही. आता आमची गाडी कपाटाशी जाऊन थांबते, उलटी फिरते आणि खिडकीकडे चढू लागते. ज्या जागी फिरते तिथे मी रीतसर पाटी लावली आहे. पाटीच्या मागे पैठण्या आहेत.

तिच्या अशा माहितीचा स्वभावच विचित्र आहे. तिला घाटाबद्दल सगळं ठाऊक आहे आणि त्यातल्या कशाचंही कौतुक नाही. पुण्याकडे घाट चढत जाणारी गाडी 'डाऊन' आणि मुंबईकडे उतरणारी 'अप', हे मी मित्रांना मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. ती पोहे देता देता म्हणाली, "मग त्यात काय? मुंबई वर, बाकी सगळे खाली." माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्यानाचा तो समारोप ठरला.

पैशांबद्दलही सांगायला हवं. हा छंद करणारे नवरे किंमत लपवतात, अशी त्यांची सर्वत्र ख्याती आहे. मला ती सोयच नाही. कार्ड तिच्या नावावर आहे, त्यामुळे ओटीपी तिच्या फोनवर येतो. मी आतून ओरडतो, "आला का?" ती सहा आकडे वाचून दाखवते आणि थांबते. रक्कम ती वाचत नाही, पण त्या थांबण्यात पै न पै मोजलेली असते. मग भाजी चिरण्याचा आवाज पुन्हा सुरू होतो आणि त्यावरून एवढंच ऐकू येतं, "गेले जर्मनीला."

भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं सहज मिळत नाहीत. परदेशी इंजिन आणायचं, खरवडायचं, आपला रंग द्यायचा, आपल्या धर्तीचे दिवे, जाळ्या बसवायच्या, असा हा उद्योग. शिवाय एक मूलभूत घोटाळा आहे. साडेसोळा मिलिमीटर हे युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर रुळांचं प्रमाण. आपली ब्रॉडगेज १६७६. तिला सत्याऐंशीनं भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास येतं. इतके रुंद रूळ तयार मिळत नाहीत, म्हणून आम्ही सगळे साडेसोळावरच गाड्या चालवतो आणि एकमेकांना त्याबद्दल विचारत नाही. हे तिला समजलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुमची गाडी सुरुवातीपासून रुळावरून उतरलेलीच आहे."

एकदा मी तिला हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँडचा व्हिडिओ दाखवला. ब्राउन आडनावाच्या जुळ्या भावांनी २००१ मध्ये उघडलेलं हे जगातलं सर्वांत मोठं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन. पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ, आल्प्स, विमानतळ, विमानतळावरून उडणारी विमानं. मला वाटलं, एवढं अफाट पाहिल्यावर माझी दहा बाय बाराची खोली तिला अगदीच पथ्याची वाटेल. तिनं पूर्ण व्हिडिओ पाहिला. म्हणाली, "सगळं दाखवलं. यांच्या बायका काय करतात ते कुठे दाखवलं नाही."

डोंगर मात्र पूर्णपणे तिचा आहे. मी परदेशी पुस्तकाबरहुकूम बारीक तारेची जाळी, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, प्लास्टर असा घाट घातला होता. तयार झाला तो सह्याद्री वाटेना, आल्प्ससारखा टोकदार दिसायला लागला. ती दारात उभी राहून म्हणाली, "कधी दिवाळीत किल्ला केलाय का हो?" वाड्यात आम्ही किल्ला करायचो, पण माझ्याकडे नेहमी पाणी मारायचं काम असे. ती कर्जतच्या क्वार्टर्समधली किल्ल्याची मुख्य कारागीर. तिनं पदर खोचला, जुनं गोणपाट आणायला लावलं, विटांचे तुकडे मांडले, गोणपाट प्लास्टरच्या पाण्यात बुडवून त्यावर टाकलं आणि ओलं असतानाच दोन्ही हातांनी दाबत गेली. कडे पडले, घळी पडल्या, माथा सपाट झाला. सुट्टीची एक दुपार पुरली. चहाचा वाळवलेला चोथा मातीच्या जागी, दोडक्याच्या वाळक्या जाळीची झाडं, भांडी घासायच्या हिरव्या घासणीचं रान. अळीव पेरायचा तिचा फार आग्रह होता. विजेच्या रुळांशेजारी रोज पाणी शिंपडणं बरं नाही, असं मी सांगून पाहिलं. शेवटी खिडकीतल्या एका कुंडीला तिनं खोपोली असं नाव दिलं आणि अळीव तिथे उगवले.

डोंगर झाल्यावर राजमाची हवाच. घाटातून तो दिसतो, श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले. तेही तिनंच केले, आणि माळ्यावरच्या खोक्यातून मुलाचा मातीचा मावळा काढून श्रीवर्धनवर उभा केला. भाला, ढाल, लालबुंद गाल. मी म्हटलं, अगं, हा आठ सेंटीमीटरचा आहे. गुणिले सत्याऐंशी कर. सात मीटर उंचीचा माणूस झाला हा. ती म्हणाली, "म्हणूनच जिंकले."

मावळा अजून तिथेच आहे. छायाचित्र काढताना मी तो लपेल असा कोन घेतो.

घाटाच्या इतिहासाचं एक प्रकरण मात्र मी तिला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. बोरघाटाच्या पहिल्या कंत्राटदाराच्या, विल्यम फॅविएलच्या वेळी मजुरीवरून दंगा झाला आणि १८५९ मध्ये त्यानं काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि आल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. मागे राहिली त्याची बायको ॲलिस. ती सामान बांधून परत जाऊ शकली असती. तिनं नवऱ्याचं कंत्राट स्वतःकडे घेतलं, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनिअरांवर रोजचं काम सोपवलं, आणि चाळीस हजारांवर मजूर एका वेळी राबत असलेला तो घाट १८६३ मध्ये पुरा झाला. पंचवीस बोगदे. मी हे सगळं भारावून सांगत होतो. ॲलिसचं कौतुक आडून आडून दुसऱ्या कुणापर्यंत पोहोचावं, असाही थोडा हेतू होता. ऐकून झाल्यावर बायको म्हणाली, "आत्ताच सांगून ठेवते. मी काही पुरा करणार नाही. काय ते तुमच्या हयातीत उरका."

मग थोड्या वेळानं, पेपर तपासता तपासता, "चाळीस हजारांतले परत किती गेले हो?" पटकी, हिवताप, सुरुंग, दरडी यांनी मेलेल्यांचा आकडा हजारांत आहे, एवढंच मी सांगितलं. तिला ते खटकलं असावं. रविवारी ती खोलीत आली आणि सगळ्या घाटावरून नजर फिरवून म्हणाली, "यात माणसं कुठायत? इंजिनं आहेत, सिग्नल आहेत, माकडंसुद्धा आहेत." माकडं होती, कारण एका स्टेशनचं नावच मंकी हिल आहे. गँगमन नव्हते. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रुळावरून चालत जाणारी, दरड कोसळली का बघणारी माणसं. सासरे म्हणायचे, ड्रायव्हरचा जीव त्याच्या हातात नसतो, पुढे चालून गेलेल्या गँगमनच्या पायांत असतो. एचओच्या प्रमाणात माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा होतो. तिनं चष्मा लावून, काडीच्या टोकानं, नेलपॉलिशमधल्या नारिंगी रंगानं प्रत्येकाला जाकीट चढवलं. ती बाटली तिनं माझ्या हिशेबात धरली आहे.

सुरक्षेच्या बाबतीत तर आमच्याकडे दोन पद्धती चालतात. खऱ्या घाटात उतारावर कॅच सायडिंग असतात. सांधा एरवी त्या चढत्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी आधी ठरल्या जागी थांबली पाहिजे, तरच तिला पुढचा रस्ता मिळतो. ब्रेक गेलेली गाडी सरळ त्या फाट्यावर चढते आणि थकून थांबते. मी महिनाभर खपून एक छोटी कॅच सायडिंग केली, तिला सेन्सर जोडला. ती बघत होती. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या त्या कोपऱ्याखाली फरशीवर सासूबाईंच्या हातची जुनी गोधडी चौपदरी घातलेली होती. आजवर सेन्सरनं किती गाड्या वाचवल्या आणि गोधडीनं किती, हा हिशेब मी ठेवलेला नाही. गणिताच्या बाईंनी ठेवलेला आहे.

कामाला येणाऱ्या मावशींना त्या खोलीत प्रवेश नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी निरागसपणे विचारलं होतं, "दादा, डोंगरावर झाडू मारू का ओल्या फडक्यानं पुसू?" तेव्हापासून रुळांवरची धूळ मी स्पिरिटनं पुसतो आणि फरशी ती झाडते. फरशीवर कधीकधी एखादा बारीक स्क्रू मिळतो. तो ती फेकत नाही. हळदीकुंकवाला मिळालेल्या एका वाटीत टाकून ठेवते. त्या वाटीत माझी गेल्या कित्येक वर्षांची अडलेली कामं आहेत.

सासूबाई आल्या की खरी परीक्षा. त्यांना हॉलमध्ये झोपवायचं नाही, हे कपाटाखालोखालचं कलम. टेबल चार फूट उंचीचं आहे. त्याखाली गादी बसते. त्यामुळे त्या बरोबर ठाकूरवाडी आणि मंकी हिल यांच्या मधोमध झोपतात. पहिल्या वेळी मला वाटलं होतं, आता हा संसार मोडणार. पण तक्रार आली ती भलतीच. जन्मभर यार्डाच्या कडेला काढल्यामुळे त्यांना पुण्याच्या शांततेत झोप लागेना. मध्यरात्री हाक आली, "जावईबापू, एखादी गाडी सोडा की."

"आई, आत्ता?" बायको आपल्या खोलीतून ओरडली.

"मालगाड्या रात्रीच सोडतात," सासूबाई म्हणाल्या.

मी आनंदानं उठलो. मालगाडी काढली, पुढे डिझेल लावलं आणि कर्जतहून सोडली. बोगद्यांतून घरघर घुमायला लागली. सासूबाईंनी कूस बदलली. गाडी कपाटाशी पोहोचण्याच्या आत बायको दारात. केस विस्कटलेले, सकाळी सातची शाळा, डोळे अर्धवट मिटलेले. मी मान खाली घालून उभा राहिलो. ती मालगाडीकडे बघत म्हणाली, "मागे बँकर कुठाय?"

मागून ढकलायचं तर वळणावर मधल्या वाघिणी उठतात, असं मी पुटपुटलो.

"पुढचा जेवढा ओढतोय तेवढंच मागच्यानं ढकलायचं. घाई केली की मधले उठणारच." जांभई देत ती कंट्रोलरवर माझ्या हाताशी आली, दोन्ही इंजिनांचे वेग जुळेपर्यंत थांबली आणि झोपायला गेली. सकाळी तिला यातलं काही आठवत नव्हतं, असं ती म्हणाली.

आता घाट जवळजवळ पुरा झाला आहे. लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या लावायच्या, पळसदरीच्या धरणात रेझिनचं पाणी ओतायचं, एवढंच राहिलंय. परवा जेवताना मी सहज, आमटीत मीठ बरोबर आहे का ते बघत असल्यासारखं, म्हटलं, की बोरघाटाचं भावंड म्हणजे थळघाट. कसारा ते इगतपुरी. तिथेही चढ एकास सदतीसच. तिथेही बँकर लागतात. आणि एहेगावचा तो उंच पूल.

ती जेवत राहिली. मग म्हणाली, "कसारा म्हणजे नाशिककडे ना?"

मी म्हटलं, हो, हो, नाशिककडेच.

"नाशिकला वन्संचा बंगला आहे. वर गच्ची रिकामी आहे. त्यांना फोन लावू का?"